न सांगितलेलं मत

कुरालिंगच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची मी वीस वर्षं सेक्रेटरी आहे. मी काही हौसेने झाले नाही. वार्षिक सभेत पदं भरायची वेळ आली की इथले लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. मी तेव्हा गावात नवी होते, मला हे ठाऊक नव्हतं. मी आपली चहाचं पाणी ठेवायला मागच्या खोलीत गेले आणि ट्रे घेऊन परत आले तर टाळ्या चाललेल्या. "अभिनंदन, सुल!" कोणीतरी ओरडलं. जो खोलीबाहेर जाईल तो निवडून येतो, हा इथला अलिखित कायदा आहे. माझं नाव सुलभा. त्याचं सुल पहिल्याच आठवड्यात झालं होतं, तेही मला न विचारता.

माझं औषधांचं दुकान आहे. तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात गेली, त्यामुळे कोणाचंही अक्षर एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही. दुकानात हा गुण उपयोगी पडतो. मतमोजणीत तो शाप आहे, आणि ही गोष्ट त्या शापाची आहे. मराठीत लिहिते आहे कारण इथून शंभर किलोमीटरच्या आत मराठी वाचता येणारा माझ्याशिवाय एकच माणूस आहे. तो माझा नवरा, गुरांचा डॉक्टर, आणि त्याला वाचनाचा कंटाळा आहे.

आमच्या दलात पगारी कोणी नाही. चारी बाजूंना गहू, आणि कापणीच्या यंत्रातून एक ठिणगी उडाली की दुपारपर्यंत तीन शेतं काळी. म्हणून ज्याला दोन हात आहेत तो दलात. दर दोन वर्षांनी मे महिन्यात सभासद आपला कॅप्टन निवडतात. बारा वर्षांच्या पोरांना दलात घेतात. सभेत बसू देतात, बोलू देतात, पण मत सोळा पूर्ण झाल्यावर. कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी करायची, बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. मी चिठ्ठ्या मोजते. साक्षीला शेजारी म्हातारा मर्व्ह बसतो, ज्याला चष्मा लावूनही समोरची भिंत दिसत नाही. मोजून झालं की चिठ्ठ्या शेडमधल्या शेगडीत.

टॅम बारा वर्षांची असताना दलात आली ती पायपर आली म्हणून. पायपर आली होती ती रविवारच्या सरावानंतर पावात घालून सॉसेज मिळतं म्हणून. लोक समाजसेवेबद्दल फार मोठं मोठं बोलतात, म्हणून सांगितलं.

टॅम म्हणजे टॅमसिन हार्टविग, कॅप्टन कॉलिन हार्टविगची मुलगी. कॉलिनच्या आधी त्याचे वडील कॅप्टन होते. पायपरचे वडील कॉलिनच्या शेतावर कामाला. राहायचे तेही कॉलिनच्याच आवारातल्या लहान घरात. दोघी पोरी एकाच बसने शाळेत जायच्या आणि एकाच दिवशी भांडून एकाच दिवशी बोलायला लागायच्या. टॅम आता शायर कौन्सिलवर, म्हणजे इथल्या तालुका पंचायतीवर, निवडून आली आहे आणि तिथल्या जुन्या मंडळींना जेवण गोड लागू देत नाही. पण मी सांगते आहे ते ती सोळाची होती तेव्हाचं.

पहिल्या वर्षी ती पाइप गुंडाळायला शिकली. दुसऱ्या वर्षी तिने सभेत विचारलं, "नवीन किटली घ्यायला ठराव कशाला लागतो? जाऊन आणा ना." सगळे हसले. मी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि इतिवृत्त लिहायला दिलं, म्हणजे तोंड बंद राहील. झालं उलटंच. इतिवृत्त लिहिणाऱ्याला कळतं की कोण काय बोललं, कोण बोललं नाही आणि कोण दर महिन्याला तेच बोलतं. चौदा वर्षांची असताना तिने पहिला ठराव मांडला: लहान सभासदांना पंप चालवायला शिकवावं, नुसते पाइप आणि चहा नको. अध्यक्षाच्या खुर्चीत तिचाच बाप.

"अनुमोदन?" कॉलिनने विचारलं.

कोणी हात वर केला नाही. अनुमोदन नाही म्हणजे ठराव संपला, चर्चासुद्धा नाही. टॅम मागे जाऊन रडली आणि मग येऊन कप धुवायला लागली, कारण त्या दिवशी कपांची पाळी तिच्यावर होती.

"पुढच्या महिन्यात पुन्हा मांड," मी म्हटलं.

"तेच? परत?"

"तेच. आधी एक माणूस गाठून ठेव."

तिने तो चार वेळा मांडला. चौथ्या वेळी डेबने अनुमोदन दिलं. डेब मॅकिनर्नी आमची शाळेची बस चालवते आणि नवरा वारल्यापासून चारशे हेक्टर शेत एकटी बघते. ठराव एका मताने पडला. घरी जाताना गाडीत बापलेक फुटबॉलवर बोलत होते, असं टॅमनेच मला सांगितलं. मला नवल वाटलं होतं. आमच्या घरी असं काही झालं असतं तर पाच वर्षं दिवाळीला येणंजाणं बंद झालं असतं.

त्याच वर्षी शाळेत मुलांचा प्रतिनिधी निवडायचा होता. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना मैदानात बसवलं आणि हात वर करायला सांगितले. टॅम उभी राहिली. म्हणाली, चिठ्ठ्या घ्या.

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?" मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, हात वर करताना मुलं उमेदवाराकडे बघत नाहीत. शेजारच्याकडे बघतात."

चिठ्ठ्या झाल्या. कॉलिनने ही हकीकत मला दुकानात तीनदा सांगितली, तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने. "कुठे शिकली हे कार्टी?" असं विचारायचा आणि उत्तर स्वतःच द्यायचा, "शेडमध्ये! दुसरं कुठे!"

मग ते मे महिन्यातलं मतदान आलं. बारा वर्षं कॉलिनविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं. डेब उभी राहिली. तिचं म्हणणं एवढंच की तरुण पोरांना नीट शिकवलं नाही तर दहा वर्षांनी ट्रकवर चढायला फक्त गुडघेदुखीवाले उरतील. कॉलिनचं म्हणणं असं की आगीशी खेळायला पोरं द्यायची नसतात. दोघांचंही मला पटत होतं. त्या वर्षी पहिल्यांदा मत देणारे तिघे होते: टॅम, पायपर, आणि डेबचा भाचा मिच. मिच छातीवर डेबच्या नावाचा बिल्ला लावून फिरत होता, त्यामुळे त्याच्याबद्दल प्रश्नच नव्हता.

मत असलेले सभासद एकवीस. कॉलिन अकरा धरून चालला होता. त्याने प्रत्येकाशी हात मिळवले होते. इथे हात मिळवला म्हणजे शब्द दिला. त्या अकरात टॅम होती, पायपर होती, आणि तो स्वतः नव्हता. हे मला मागाहून कळलं. हार्टविगांच्यात अशी रीत आहे की उभा राहिलेला माणूस स्वतःचं नाव लिहीत नाही. समोरच्याचं लिहितो. त्याचे वडील तसं करायचे. म्हणे स्वतःला मत देणारा माणूस पंगतीत पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घेणाऱ्यासारखा दिसतो.

मी डबा उघडला. मर्व्ह शेजारी बसून "हं, हं" करत होता. पाचवी की सहावी चिठ्ठी कॉलिनच्या हातची निघाली. मोठी, मागे झुकलेली अक्षरं, आणि नाव डेबचं. मी ती दोनदा वाचली. अरे शहाण्या, मी मनात म्हटलं. मग टॅमची आली. तीन वर्षं माझ्याच वहीत लिहिणारी पोर. तिचा 'टी' नेहमी वरून दांडी उडालेला. लिहिलं होतं: सी. हार्टविग. मला बरं वाटलं. शेवटून दुसरी पायपरची, गोल गोल अक्षरांत: डेब.

डेब अकरा, कॉलिन दहा.

मी आकडा वाचला. कॉलिन उठला, डेबशी हात मिळवला, ट्रकची किल्ली तिच्या हातात दिली आणि चहा न घेता निघून गेला. मी चिठ्ठ्या शेगडीत टाकल्या. त्या जळल्या. माझ्या डोक्यातल्या तशाच राहिल्या.

गावाला हिशोब करायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी पोस्टात, बेकरीत, माझ्या दुकानात तेच. हार्टविगांची रीत गावाला ठाऊक, म्हणून कॉलिनचं स्वतःचं मत कोणी धरत नव्हतं. अकरा माणसांनी शब्द दिला होता, दहांनी पाळला. त्या अकरातली नऊ मोठी माणसं, वीस वीस वर्षं कॉलिनबरोबर आगी विझवलेली. ती फिरणार नाहीत. मग राहिल्या दोन पोरी. आणि त्यातली एक अशी की जिने बापाविरुद्ध चार वेळा ठराव मांडला.

मतदानाच्या रात्रीच जेवणाच्या टेबलावर कॉलिनने विचारलं होतं. टॅमची आई लीअॅन हे मला सांगायला आली. बहाणा जखमेच्या पट्ट्या घ्यायचा होता.

"त्याने विचारलं, तू कोणाला मत दिलंस? ती म्हणाली, डॅड, ते मी सांगणार नाही. तो म्हणाला, म्हणजे डेबला. ती म्हणाली, म्हणजे मी सांगणार नाही. झालं. आता दोघं माझ्या दोन बाजूंना बसून जेवतात आणि मीठ माझ्याकडून मागतात."

"होईल नीट," मी म्हटलं.

"तू मोजल्यास ना, सुल?"

"मर्व्हने पण मोजल्या," मी म्हटलं आणि पट्ट्या पिशवीत घातल्या.

नीट काही झालं नाही. जून गेला, जुलै गेला. कॉलिन शेडमध्ये फिरकला नाही. टॅमला सरावाला आधी तो गाडीने पोचवायचा, आता लीअॅन पोचवायला लागली. टॅमच्या वाढदिवसाला ती केक कापत असताना त्याने टाळ्या वाजवल्या आणि मेंढ्या बघायला निघून गेला. पोर सतरा वर्षांची झाली त्या दिवशी. शनिवारी सकाळी ती माझ्या दुकानात कामाला यायची. डोळे सुजलेले असले की म्हणायची, गवताची अॅलर्जी. इथे जुलै म्हणजे ऐन थंडी, तेव्हा कसली गवताची अॅलर्जी? पण मी औषधवाली असूनही गप्प बसले.

एका शनिवारी मात्र माझा धीर सुटला.

"टॅम, एक वाक्य. बापाला एक वाक्य सांगून टाक आणि मोकळी हो."

ती खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या लावत होती.

"तुला अक्षर ओळखता येतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझा चेहरा बोलतो, सुल. मोजताना पण बोलत होता. सगळ्यांना वाटलं तुला अॅसिडिटी झालीये."

मी शरमले. चौदा वर्षांत मला कोणी इतकं बरोबर पकडलं नव्हतं.

"समज, मी त्याला सांगितलं की तुलाच दिलं," ती म्हणाली. "समज हं. मग दोन वर्षांनी मी नाही सांगितलं तर त्याचा अर्थ काय होईल? एकदा सांगितलं की पुढे गप्प बसणं म्हणजेच सांगणं. मग ते मत माझं कसलं? डॅडला विचारून घेतलेली परवानगी ती."

"अगं पण तो रडकुंडीला आलाय."

"मी पण आलेय." तिने बाटली जागेवर ठेवली, लेबल समोर वळवलं. "आणि त्याने अकरा धरले होते. त्यातून माझ्यावरचा संशय निघाला तर उरतं कोण?"

तिने नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पायपरच्या घराचं भाडं नाही, वीज नाही, दूध कॉलिनच्या गाईंचं. कॉलिन काही राक्षस नाही. तो कोणाला बाहेर काढणारा माणूस नव्हे. पण घर आपलं नसलेल्या माणसाला ते आधी कुठे माहीत असतं? पायपर गेले दोन महिने सरावाला येऊन कोपऱ्यात उभी राहायची आणि आधी निघून जायची. मला त्या क्षणी टॅमचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की मी तिला उगाच मागे खोकी मोजायला पाठवलं.

ऑगस्टमध्ये कॉलिन दुकानात आला, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. गोळ्या घेतल्या आणि जाईना.

"चिठ्ठ्या तू मोजल्यास."

"मोजल्या."

"तिचं अक्षर तुला माहीत आहे."

"चिठ्ठ्या मी जाळल्या, कॉलिन."

"डोळे नाही जाळलेस." त्याचा आवाज खाली गेला. "मला पडल्याचं काही नाही, सुल. खरंच नाही. डेब बरी आहे. पण माझ्याच घरात, माझ्याच पोरीने... तोंडावर सांगितलं असतं तर चाललं असतं मला."

सांगते, वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तिने तुलाच दिलं रे, बाबा. पाच शब्द. त्या घरात त्या संध्याकाळी दिवा लागला असता. मी काउंटर घट्ट धरला. आणि माझं काय असतं, दुःख दाबलं की त्याचा राग होतो.

"तू स्वतः कोणाचं नाव लिहिलंस?" मी विचारलं.

"ते वेगळं. आमच्यात रीत आहे."

"रीत! एका मताने पडलास. ते एक मत कुणाचं होतं, शोधायला पोरीच्या ताटात कशाला बघतोस? आरशात बघ! तू स्वतःला दिलं असतंस तर आज किल्ली तुझ्या खिशात असती. तू डेबचं नाव लिहिलंस ते सभ्यपणा, आणि दुसऱ्या कुणी लिहिलं तर ती दगाबाजी?"

साबणांच्या फळीपाशी दोन बायका होत्या, त्या एकदम साबणांची नावं वाचायला लागल्या. कॉलिन लाल झाला, मग पांढरा. तो निघून गेला आणि गोळ्या काउंटरवर राहिल्या. त्या लीअॅनच्या हाती पाठवाव्या लागल्या. सेक्रेटरीने माणसाला त्याचंच मत सांगणं हा गुन्हा होतो का, हे मी नियमावलीत शोधलं. लिहिलेलं नाही. पण मला रात्रभर लाज वाटत राहिली ती वाटलीच.

सप्टेंबरच्या सभेला बाहेर मोहरीची शेतं पिवळीधमक होती आणि शेडचा दरवाजा उघडा ठेवण्याइतकी ऊब होती. डेब खुर्चीत. नेहमीचे विषय झाले: ट्रकचं मागचं चाक, पाण्याची टाकी, कुणीतरी फ्रिजमधली बिअर संपवून कबूल न केल्याचा विषय. मग टॅम उभी राहिली.

"ठराव. यापुढे कॅप्टनच्या निवडणुकीत उमेदवारांची नावं छापून द्यावीत आणि मत देणाऱ्याने फक्त चौकटीत खूण करावी. हाताने नाव लिहायचं नाही."

"कारण?" डेबने विचारलं.

"मोजणाऱ्याला अक्षर ओळखता येऊ नये म्हणून."

वीस डोकी माझ्याकडे वळली. मी इतिवृत्ताच्या वहीत डोकं घातलं.

"मला तर माझंच अक्षर ओळखता येत नाही," मर्व्ह म्हणाला. लोक हसले, पण ओशाळं.

"अनुमोदन?"

एकही हात वर नाही. अनुमोदन देणं म्हणजे चौदा वर्षं चहा करणाऱ्या बाईवर संशय घेणं, असं प्रत्येकाला वाटत होतं. भली माणसं आहेत, आणि त्यांच्या भलेपणापायी ठराव मरणार होता. मीच हात वर करणार होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझं."

दारात कॉलिन उभा होता. चार महिन्यांनी. बुटांना चिखल, टोपी हातात. आत येऊन बसला नाही, तिथेच टेकून उभा राहिला.

ठराव मंजूर झाला. मी लिहिलं: सूचक, टी. हार्टविग, अनुमोदन, सी. हार्टविग. लिहिताना अक्षर वाकडं गेलं.

सभेनंतर मागच्या खोलीत टॅम कप धूत होती, पायपर पुसत होती, मी कपाटात लावत होते. कॉलिन आत आला. जागा एवढीशी, त्यात तो दारभर माणूस. पायपरने फडक्यासकट स्वतःला भिंतीला लावून घेतलं.

"टॅम," तो म्हणाला.

"हं, डॅड."

"मी मूर्खासारखा वागलो." इथल्या पुरुषांना हे वाक्य तोंडातून काढायला सहसा एक मरण आणि एक पूर लागतो. "तू डेबला मत दिलंस. तो तुझा हक्क होता. मीसुद्धा तिचंच नाव लिहिलं होतं, तर तुझ्यावर रागवायला मी कोण? तुला माफ करायला मी चार महिने लावले, ते चुकलं माझं."

टॅमचे हात साबणाच्या पाण्यात होते.

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. एवढ्या अन्यायाला कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. जे तिने केलंच नव्हतं त्याची माफी तो इतक्या कष्टाने, इतक्या प्रेमाने घेऊन आला होता. टॅमने माझ्याकडे न बघता ओला कप उचलला आणि माझ्या हातात कोंबला. मी तोंड मिटलं.

"थँक्यू, डॅड," ती म्हणाली.

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, घाईने काढून घेतला, नाक पुसलं. मग पायपरकडे वळला. पायपरने फडकं छातीशी घट्ट धरलं.

"तुझ्या बाबांना सांग, सोमवारी लोकर कापणारे येणारेत. सातला. आणि तुमच्या मागच्या दाराची कडी निखळलीये म्हणे, ती मी उद्या बसवून देतो."

"सांगते," पायपर म्हणाली.

"मी गाडीत आहे," तो टॅमला म्हणाला आणि गेला. बाहेर त्याला कोणीतरी पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला, मग मर्व्हचं हसणं.

मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे मला सांगता आलं नसतं. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. मागे पायपर सरकून टॅमच्या अगदी जवळ गेली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव होता. तिला वाटत होतं, आपण एकटी नव्हतो.

"म्हणजे तू पण?" तिने हळूच विचारलं.

आमच्या शेडमध्ये पाणी पावसाच्या टाकीतलं. कप धुताना नळ करंगळीएवढाच सोडायचा, हे आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. टॅमने तो पूर्ण उघडला. पाणी धो धो भांड्यात आदळायला लागलं.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली. "मला ऐकू नाही आलं."